गुडघे, गुग्गुळ आणि श्रावकाचा विवेक

चातुर्मासात कोणत्याही गावच्या स्थानकात किंवा उपाश्रयात सायंकाळच्या प्रतिक्रमणास गेले, की एक बदल सहज नजरेस येतो. भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांची रांग लांबत चालली आहे. एकेकाळी ऐंशी वर्षांची आजीही कटासन अंथरून ४८ मिनिटांचे सामायिक मांडी न मोडता पूर्ण करीत असे. आज पन्नाशीतल्या श्राविका खुर्ची शोधतात. पेढीवरही तेच चित्र आहे. गादी-तक्क्याची बैठक गेली, टेबल आले. तरी दिवसभर एका जागी बसणे आणि संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात टेकणे काही गेले नाही. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या किंवा सम्मेदशिखराची चढण, वंदना व उतरण मिळून होणारी सुमारे २७ किलोमीटरची वाट, हे मनोरथ पुष्कळ घरांत केवळ गुडघ्यांपायी पुढे ढकलले जातात.

अशा वेळी उपाय सुचविणाऱ्यांची वाण नसते. कोणी हळद-दूध सांगतो, कोणी गुग्गुळाच्या गोळ्या, कोणी परगावच्या एखाद्या वैद्याची पुडी. यातील काही उपायांना खरोखर आधार आहे, काहींना नाही, आणि काही घातक आहेत. व्यापारी कुटुंबांना माल पारखण्याची सवय असते. आश्चर्य असे की, तीच माणसे औषध घेताना मात्र नमुना न पाहता सौदा करतात.

प्रथम दुखण्याचे नाव निश्चित व्हावयास हवे. ‘संधिवात’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याखाली किमान तीन वेगळे आजार येतात. वयोमानाने सांध्यातील कूर्चा झिजते, ती झीज हा एक. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो आमवात दुसरा. रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे सूक्ष्म स्फटिक सांध्यात साचतात, तो तिसरा. बहुधा पायाच्या अंगठ्यापासून त्याची सुरुवात होते. आयुर्वेदानेही हा भेद जाणला होता. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन आहे, वातरक्त निराळे मानले आहे, आणि माधवनिदानात आमवातास स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाही. झिजेच्या दुखण्यात कोमट तिळाच्या तेलाचे मालिश सुखकारक ठरते. आमवातात सांधा सुजलेला, गरम आणि सकाळी तासभर आखडलेला असतो, तेव्हा मात्र जुने वैद्य तेल चोळू देत नाहीत. लंघन, सुंठ, एरंडेल आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक असा त्यांचा क्रम असतो. घरोघरी याच्या नेमके उलट घडते. बोटे सुजली की सुना-नाती प्रेमाने तेल रगडतात आणि दुखणे चढते. शिवाय आमवातात वेळेला फार मोल आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले नाही तर सांध्याची हानी होऊ लागते, आणि झालेली हानी कोणताही काढा भरून काढीत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची मुळे किंवा मनगटे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेली असतील, तर वनौषधीची चर्चा बाजूला ठेवून संधिवाततज्ज्ञाकडे जाणे हाच मार्ग आहे.

गुडघ्याच्या झिजेत मात्र वनस्पतींना बोलण्यास जागा आहे. त्यातील सर्वांत विश्वासार्ह साक्ष आपल्याच महाराष्ट्रातील आहे. सातपुडा आणि विदर्भाच्या रानांत सालईचे झाड आढळते. आयुर्वेदात त्यास शल्लकी म्हणतात. त्याच्या खोडातून पाझरणाऱ्या डिंकाच्या अर्काची नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या ३० रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अर्क आणि निम्म्यांना दिसावयास तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल दिली गेली. पुढे मध्यंतर ठेवून अदलाबदल केली. कोणास काय मिळते हे रुग्णास किंवा वैद्यास ठाऊक नव्हते. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे उतरले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काहीही फरक पडला नाही. ही शेवटची नोंद जाहिरातींत कधी छापली जात नाही. दुखणे कमी होणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु ‘कूर्चा पुन्हा भरते’ असे सांगून महागड्या डब्या विकणाऱ्याकडे पुरावा मागावा. तीस ही संख्या लहान आहे हेही खरे. मात्र पुढच्या काही अभ्यासांतूनही शल्लकीविषयी साधारण असाच कौल आला आहे.

हळदीचे प्रकरण आपल्या वाचकांस अधिक जवळचे. सांगलीची हळद बाजारपेठ उभी करण्यात व्यापारी घराण्यांचा मोठा वाटा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ओली हळद अनंतकाय म्हणून वर्ज्य. उकडून वाळवलेले हळकुंड पुन्हा अंकुरत नाही, म्हणून बहुतेक जैन स्वयंपाकघरांत ते चालते. आल्याऐवजी सुंठ, हाही त्याच विवेकाचा भाग.

आता हळदीच्या गुणांचा हिशेब मांडू. थायलंडमध्ये ३६७ गुडघेरुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हळदीचा अर्क चार आठवडे दिला असता तो आयब्युप्रोफेन या नेहमीच्या वेदनाशामकाच्या तोडीस उतरला, आणि पोटाच्या तक्रारी कमी आल्या. परंतु तो अर्क रोज १५०० मिलिग्रॅम होता. घरच्या हळदपुडीत कर्क्युमिन हा मुख्य घटक साधारणतः शेकडा तीन धरला, तर चमचाभर म्हणजे तीन ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम मिळते. दीड हजारासाठी ५० ग्रॅम हळद रोज खावी लागेल. दुधात चिमूटभर हळद घालणाऱ्या आजीची माया खरी, पण त्या मात्रेची तुलना त्या अभ्यासाशी करता येत नाही. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. बंगळूरमधील १९९८ च्या एका अभ्यासात मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यावर हे शोषण सुमारे वीसपट वाढले होते. मसाल्यात हळद आणि मिरी शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या पूर्वजांनी हे मोजले नव्हते, तरी जोडी चुकली नाही! रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी असा तीव्र अर्क वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नये. पुडीपेक्षा अखंड हळकुंड आणून दळावे हेही बरे, कारण रंग खुलविण्यासाठी शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ होत आलेली आहे.

गुग्गुळाकडे वळताना औषधाच्या गुणाआधी झाडाची गोष्ट सांगावी लागते. योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ ही नावे वातविकाराच्या प्रत्येक चिठ्ठीत दिसतात. तो डिंक देणारे झुडूप कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानच्या कोरड्या माळांवर वाढते. वाढ इतकी मंद की, डिंक देण्याजोगे होण्यास त्यास आठ-दहा वर्षे लागतात. हिवाळ्यात सालीवर चीर देऊन डिंक काढतात. हलक्या हाताने दिलेली चीर झाड सोसते. पण अधिक उतारा मिळावा म्हणून खोल जखमा करून त्यात रसायन भरण्याची रीत पडली, आणि असे झाड एकदा भरपूर डिंक देऊन मरते. परिणामी ही वनस्पती आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे.

श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे येथे आठवावे. शाकाहारी औषध म्हणून निश्चिंत मनाने घेतलेल्या गोळीमागे एका झाडाचा मृत्यू असू शकतो. औषधांचा व्यापार करणाऱ्या आपल्या पेढ्या कच्चा गुग्गुळ विकत घेताना लागवडीतील मालाचा आग्रह धरू शकतात. दोन पैसे अधिक मोजावे लागतील एवढेच. लागवडीस राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे साहाय्यही मिळत आले आहे.

कर्मादानांतच लाक्षावाणिज्यही येते. लाख हा कीटकांचा स्राव; तो मिळविताना असंख्य जीव जातात, म्हणून तो व्यापार निषिद्ध. आणि तरीही हाडांच्या दुखण्यावर ‘लाक्षादि गुग्गुळ’ आपल्या घरांत निर्धास्तपणे घेतला जातो. नावातच घटक लिहिलेला आहे, पण वाचतो कोण? हाडजोड, अर्जुन, अश्वगंधा या त्यातील इतर वनस्पती लाखेशिवायही मिळतात. वैद्यास सांगितले तर पर्याय देता येतो. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत मध असतो आणि आंबवल्यामुळे मद्यांशही तयार होतो. बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. चूर्ण मधातून घ्या असे कोणी म्हटले तर कोमट पाणी, तूप किंवा गूळ चालेल का, हे नि:संकोच विचारावे.

आधुनिक पूरकांत अडचण अधिक गहन आहे. गुडघ्यांसाठी सर्रास दिले जाणारे ग्लुकोसामीन बहुतांशी कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनते. मक्यापासून आंबवून केलेले निराळे मिळते, पण ते मागावे लागते. कॉन्ड्रॉयटीन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून येते. कोलॅजेन तर कातडी, हाडे किंवा माशांचे खवले यांतूनच निघते. साध्या कॅप्सूलचे कवचही बहुधा जिलेटीनचे असते. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच उपलब्ध आहे. खाद्यपूरकाच्या डबीवर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. औषधाच्या वेष्टनावर तशी खूण बंधनकारक नसल्यामुळे तेथे औषधविक्रेत्यास विचारल्यावाचून गत्यंतर नाही. मन दुखविणारी ही माहिती वाचून एक समाधानही मिळावे: ग्लुकोसामीन व कॉन्ड्रॉयटीन यांच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल परस्परविरोधी आहेत, तेव्हा ते सोडल्याने फारसे काही गमावल्यासारखे होत नाही.

युरिक आम्लाच्या वातरक्ताविषयी आपल्या समाजात दोन समज रूढ आहेत. पहिला डाळींचा. रक्ततपासणीत आकडा वाढलेला दिसला की तूर, मूग, वाटाणा सारे बंद होते, आणि कंदमुळे आधीच वर्ज्य असलेल्या ताटात मग उरते ते थोडेच. प्रत्यक्षात अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांची बारा वर्षे पाहणी करून २००४ मध्ये जो निष्कर्ष आला, त्यात मांस आणि मासे यांनी हा आजार वाढतो असे दिसले. प्युरिनयुक्त भाज्या-डाळींनी तो वाढत नाही असे आढळले. दुसरा समज उपवासाचा. लंघनाने वात हटतो हे आमवातापुरते वैद्य सांगतात, परंतु दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळू लागले की मूत्रपिंडाकडून युरिक आम्ल कमी बाहेर पडते आणि वातरक्ताचा झटका येऊ शकतो. अठाई किंवा मासक्षमणाचे पच्चक्खाण घेऊ इच्छिणाऱ्या वातरक्ताच्या रुग्णाने त्याआधी वैद्यांचा सल्ला घ्यावा, सूर्यास्तापूर्वी अचित्त पाणी पुरेसे प्यावे, आणि ही अडचण गुरुमहाराजांच्या कानी घालावी. आयंबिल किंवा एकासणे हे पर्याय आपल्याच परंपरेने दिलेले आहेत.

आता ‘पुडी’. घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, आणि दोन दिवसांत जादू होते. अशा चूर्णांत स्टिरॉइड आणि तीव्र वेदनाशामके मिसळलेली असल्याचे प्रयोगशाळांच्या तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. वनस्पती इतक्या त्वरेने काम करीत नाहीत. शल्लकीलाही आठवडे लागतात. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. घरातील कोणी अशी पुडी दीर्घकाळ घेत असेल तर ती एकाएकी बंद करू नये, कारण शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक थांबविणे जिवावर बेतू शकते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे व उतरत्या मात्रेने सोडवावी. पर्युषणात उपवास करणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे मुद्दाम विचारले पाहिजे, कारण उपवासाच्या दिवशी पुडीही आपोआप सुटते.

लेपांना हा धोका कमी असतो. लाल मिरचीतील तिखट द्रव्याचे मलम गुडघ्याच्या झिजेत उपयोगी पडते. मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा, दोन ते चार आठवडे नियमित लावावे लागते, आणि नंतर हात साबणाने धुवावे लागतात, नाहीतर डोळ्यांची आग होते. निर्गुडीचा शेक त्याहून सोपा. पाने तव्यावर गरम करून फडक्यात बांधली की पुरचुंडी तयार होते. ही वनस्पती ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आपोआप वाढते. फांदी खोचली तरी रुजते, जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. मंदिराच्या किंवा धर्मशाळेच्या आवारात कुंपण घालावयाचे असेल तेथे हीच लावावी. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी पाने तोडणे ज्या घरांत वर्ज्य, तेथे आधीच सावलीत वाळवलेली पाने पाण्यात उकळून त्या कोमट पाण्याने शेक घेता येतो.