शुष्कता, भूरूप आणि मृदेतील बुरशी : माण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या माण तालुक्यात मात्र तो सुमारे ५०० मिलिमीटर इतकाच होतो. अशा प्रदेशात पाऊस किती पडला याबरोबरच तो कोठे मुरला यालाही महत्त्व असते. मृदेतील बुरशीचे जीवन या दोन्ही बाबींवर अवलंबून आहे.

शुष्कतेचा परिणाम :
मृदा सुकू लागली की पाणी केवळ सूक्ष्म छिद्रांत उरते. जीवाणूंची हालचाल पाण्याच्या थरातूनच होत असल्याने ती थांबते. बुरशीचे तंतू मात्र कोरड्या पोकळ्या ओलांडून ओलाव्यापर्यंत पोहोचतात. तथापि या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. जगातील ८० शुष्क ठिकाणांच्या मृदेवरील एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शुष्कता वाढेल तसे सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी होते आणि बुरशीची विपुलता व विविधताही घटते, असे त्यातून दिसून आले. अल्टरनेरियासारख्या गडद रंगाच्या बुरशी अशा ठिकाणीही तग धरतात, कारण त्यांच्यातील मेलॅनिन प्रखर उन्हापासून त्यांचे संरक्षण करते.

भूरूपाचा परिणाम :
माणमधील डोंगरमाथ्यावर व उतारांवर जमीन उथळ व मुरमाड आहे, तर सखल भागात ती खोल व काळी आहे. उतारावरून पाण्याबरोबर माती व पालापाचोळाही वाहून जातो आणि पायथ्याशी साचतो. त्यामुळे तेथे बुरशीला ओल व अन्न अधिक काळ मिळते. पावसाळ्यानंतर दक्षिणेकडील उतारांवर ऊन अधिक पडत असल्याने ते लवकर सुकतात. उघड्या माळावर बुरशी प्रामुख्याने गवताच्या व झुडपांच्या मुळांभोवती एकवटते. त्यांपैकी मायकोरायझा बुरशी वनस्पतींना फॉस्फरस पुरवते व त्यांच्याकडून शर्करा घेते.

निष्कर्ष :
बुरशीचे तंतू व बीजाणू मुख्यतः मृदेच्या वरच्या थरात असतात. धूप झाल्यास हाच थर प्रथम नष्ट होतो. मग गवत नीट रुजत नाही आणि धूप आणखी वाढते. म्हणून समपातळी चर व चराईबंदी हे उपाय केवळ पाणी अडविण्याचे नसून मृदेतील जीवसृष्टी राखण्याचेही आहेत. अभ्यासासाठी माथा, उतार व पायथा येथील नमुने स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. ते एकत्र मिसळल्यास मिळणारी सरासरी यांपैकी कोणत्याही जमिनीचे खरे चित्र दाखवीत नाही.