ग्रहणाची मोजपट्टी

एकट्या ताऱ्याचे वस्तुमान सांगायचे तर सिद्धान्ताकडून उसनवारी करावी लागते. रंग आणि तेज पाहायचे, नि असा तारा किती जड असायला हवा, हे गणिताला विचारायचे. पिधानकारी, म्हणजे आळीपाळीने एकमेकांना झाकणाऱ्या, जोडताऱ्यांत ही उसनवारी जवळपास लागत नाही, आणि त्यांचे खरे मोल त्यातच आहे. ययाती तारकासमूहातला अलगूल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीवर उतरताना त्याचा सुमारे ७० टक्के उजेड जातो, आणि दहाएक तासांत तो पूर्ववत होतो. यॉर्कच्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने नुसत्या डोळ्यांनी हा काळ मोजला आणि काहीतरी आड येत असावे, असे १७८३ साली सुचवले. १८८९ मध्ये पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेलने वर्णपटाच्या आधारे ते पटवून दिले.

वर्णपटातल्या काळ्या रेषा तारा जवळ येताना निळ्याकडे, लांब जाताना तांबड्याकडे सरकतात. त्या सरकण्यावरून वेग कळतो. जोडीतला जो जास्त वेगाने फिरतो तो तेवढ्याच पटीने हलका. वेग आणि आवर्तनकाळ हाती आले की कक्षेचा आकार मिळतो, आणि केप्लरच्या नियमाने दोघांचे एकत्रित वस्तुमान. कक्षा तिरकी असेल तर हा हिशेब फसतो. पण पिधान होते, याचाच अर्थ कक्षा आपल्याला जवळपास कडेने दिसते, आणि नेमका कल उजेडाच्या आलेखात पडणाऱ्या घळीचा आकार सांगतो. आकारमानाची रीत तर शाळकरी आहे. समजा, लहान तारा सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने मोठ्याच्या बरोबर मधोमध आड जातो आणि कडा टेकल्यापासून पूर्ण झाकला जाईपर्यंत तीन तास लागतात. मग त्याचा व्यास झाला ३२ लाख ४० हजार किलोमीटर, सूर्याच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त. कक्षा वर्तुळाकार असेल तर दोन्ही पिधानांत सारखेच क्षेत्रफळ झाकले जाते. म्हणून खोल घळ पडते ती अधिक तप्त तारा झाकल्यावर, आणि दोन खोलींच्या गुणोत्तरातून तापमानांची तुलना होते.

यावर आक्षेप आहेत. ताऱ्याची कड मध्यापेक्षा मंद असते, आणि अलगूलपाशी तर तिसऱ्या ताऱ्याचाही उजेड मिसळतो. पण कडेच्या मंदपणाची छाप वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळी पडते, म्हणून अनेक गाळण्यांतून मोजून ती वेगळी काढता येते. तिसऱ्याचा वाटाही हिशेबात धरता येतो. चांगल्या जोड्यांत वस्तुमान आणि त्रिज्या तीन टक्क्यांहून कमी चुकीने मिळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेजाऱ्यामुळे बदललेला तारा एकट्याचा नमुना कसा ठरेल? म्हणूनच सिद्धान्त तपासायला एकमेकांपासून पुरेशा दूर असलेल्या जोड्या निवडतात. जवळच्या जोड्याही वाया जात नाहीत. अलगूलमधल्या मंद जोडीदाराच्या रेषा १९७८ साली हाती लागल्या. तेजस्वी तारा सूर्याच्या तिपटीहून जड, तरी तरुण. मंद तारा सूर्याहूनही हलका, तरी फुगून म्हातारा झालेला. जड तारा आधी म्हातारा होतो, हा नियम इथे उलटा दिसतो, कारण मंद ताऱ्याने आपले बरेचसे द्रव्य शेजाऱ्याला देऊन टाकले आहे. वजन सिद्धान्तालाच विचारले असते, तर म्हाताऱ्यालाच जड ठरवून तो मोकळा झाला असता.