भाड्याचे घर : गुंतवणुकीपूर्वीचा हिशेब

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि जालना शहर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. नव्या कचेऱ्यांबरोबर बदलीवर येणारा कर्मचारीवर्ग आला आणि भाड्याच्या घरांची गरज वाढली. पोलाद व बियाणे या उद्योगांनी त्यात भर घातली. साहजिकच बचतीची किंवा सेवानिवृत्तीची रक्कम घरात गुंतवून भाडे मिळवावे, असा विचार अनेक कुटुंबे करतात. हा विचार रास्त आहे; तथापि घर रिकामे राहिले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे प्रथम ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

हप्ता आणि भाडे

उदाहरणादाखल, २५ लाख रुपयांच्या सदनिकेसाठी २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांकरिता घेतले, असे मानू. मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये होतो. भाडे दरमहा ७,००० रुपये धरले आणि वर्षातील एक महिना घर रिकामे राहिले, तर ७७,००० रुपये येतील. कर व दुरुस्तीचे १२,००० रुपये वजा जाता ६५,००० रुपये उरतात. उरलेले १,५१,००० रुपये दरवर्षी पगारातून भरावे लागतील.

याउलट, स्वतःच्या जागेत ६ लाखांत दोन खोल्या बांधल्या आणि त्यांपैकी ३ लाख रुपये त्याच व्याजदराने १० वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे ४५,६०० रुपये होईल. दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे अकरा महिन्यांचे ५५,००० रुपये भाडे येऊन ८,००० रुपये खर्च झाला, तरी हप्ता भागतो. कर्जफेडीनंतर हे उत्पन्न पूर्णतः कुटुंबाचे होते. म्हणजेच बँक किती कर्ज देते यापेक्षा भाड्यातून किती फिटते, हे पाहणे महत्त्वाचे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांचीही तरतूद हवी. आयकरात ३० टक्के प्रमाणित वजावट व नियमांच्या मर्यादेत व्याजाची सवलत मिळते. परंतु तेवढ्याने मोठी तूट भरून निघत नाही.

जागेची निवड

पुढेमागे किंमत वाढेल, या आशेपेक्षा आज तेथे राहणारा कोण, हा प्रश्न विचारावा. शाळा, दवाखाना, बसस्थानक, कारखाना यांची जवळीक भाडेकरू टिकवून ठेवते. जालन्यासारख्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्यातील पाण्याची सोय ही तर पहिली कसोटी होय.

कागदपत्रे

सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक वापराची स्थिती व बांधकाम परवानगी तपासावी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. केवळ तिच्या आधारे मालकी सिद्ध होत नाही. पूर्वीच्या व्यवहारांचा शोध दुय्यम निबंधक कार्यालयात घ्यावा. शासकीय कर्मचाऱ्यांनी १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची पूर्वकल्पना विहित प्राधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे.

लेखी करार

मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ३१ मार्च २००० पासून घेतली. या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा अथवा वापर-परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तोंडी विश्वासावर घर देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ऐपतीत बसणारे कर्ज, निर्वेध कागदपत्रे व नोंदणीकृत करार यांची सांगड घातली, तर भाड्याचे घर कुटुंबास आधार देते. गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे लोक अशा वेळी सल्ल्यासाठी येतात. त्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडून दाखविला, तर कित्येकांची आयुष्यभराची बचत सुरक्षित राहील.