उएनो उद्यान

जपानची राजधानी टोकिओ येथील एक ऐतिहासिक सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ सु. ५३ हेक्टर. शहराच्या ताइतो विभागातील एका ठेंगण्या टेकडीवर व तिच्या पायथ्याच्या शिनोबाझू तलावाभोवती ते वसले आहे. दक्षिणेकडील पायऱ्यांपासून उत्तरेकडील राष्ट्रीय संग्रहालयापर्यंतचे अंतर थोडे असले, तरी वाटेतील स्थळे पाहत रमतगमत जाण्यास एक दिवस सहज लागतो.

ही भूमी मुळात कान-एजी या बौद्ध मठाची होय. शोगुनांच्या एदो (सांप्रतचे टोकिओ) येथील किल्ल्याच्या ईशान्येस तेंकाई या धर्मगुरूने १६२५ मध्ये मठाची स्थापना केली. भारतीय परंपरेत शुभ मानलेली ही दिशा जपानमध्ये मात्र अनिष्ट शक्तींचे द्वार समजली जाते. तिच्या रक्षणासाठी मठाची योजना होती. क्योटोजवळील बिवा सरोवर व त्यातील चिकुबू बेट यांचे प्रतिरूप म्हणून शिनोबाझू तलावात बेट करण्यात आले व त्यावर बेन्तेन देवतेचे मंदिर उभारले गेले. बेन्तेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानमध्ये गेलेली सरस्वतीच होय. १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळालेले हे मंदिर १९५८ मध्ये पुन्हा बांधण्यात आले. उन्हाळ्यात सभोवती कमळे फुलतात. युद्धोत्तर अन्नटंचाईच्या काळात मात्र याच तलावात भातशेती केली जात होती.

४ जुलै १८६८ रोजी शोगुननिष्ठ शोगिताई पथक व नवे सम्राटपक्षीय सैन्य यांची टेकडीवर लढाई झाली. ती एका दिवसात संपली, पण मठाच्या बहुतेक वास्तू भस्मसात झाल्या. कियोमिझू कान्नोन मंदिर (१६३१), पाच मजली पॅगोडा (१६३९) व तोशोगू देवस्थान (१६५१) एवढ्या मोजक्याच महत्त्वाच्या वास्तू वाचल्या. हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्यांपैकी सायगो ताकामोरी याचा पुतळा (१८९८) दक्षिण प्रवेशाजवळ आहे. त्याच्यामागे काही पावलांवर पराभूतांची समाधी आहे. तिच्यावर शोगिताई हे नाव नाही, ‘रणात पडलेल्यांची समाधी’ एवढेच कोरलेले आहे. पुढे सायगो स्वतःच बंड करून १८७७ मध्ये मारला गेला. त्याला मरणोत्तर क्षमा मिळाली, तरी पुतळ्यात तो सेनापतीच्या गणवेशात नसून साध्या किमोनोत, कुत्र्यासह उभा आहे.

उजाड टेकडीवर वैद्यकीय विद्यालय व रुग्णालय बांधण्याचे घाटत होते. डच वैद्य बाउडुइन यांनी वनश्री राखून तेथे उद्यान करावे असा आग्रह धरला आणि १८७३ मध्ये ही जागा उद्यान म्हणून घोषित झाली. कृतज्ञतेने उभारलेला त्यांचा अर्धपुतळा चुकून त्यांच्या भावाचा निघाला; तो २००६ मध्ये बदलण्यात आला. १९२३ च्या भूकंपात असंख्य बेघरांना उद्यानाने आसरा दिला. १९२४ मध्ये राजघराण्याने ते टोकिओ शहरास दान केले.

तोशोगूजवळील प्राणिसंग्रहालय (१८८२) जपानमधील पहिले होय. पूर्वोक्त पॅगोडा आता त्याच्याच आवारात आहे. १९४३ मध्ये, हवाई हल्ल्यात हिंस्र प्राणी सुटतील या भीतीने, प्रशासनाच्या आज्ञेवरून अनेक प्राणी मारण्यात आले. तीन हत्तींना उपाशी ठेवून मारले गेले. जपानी मुलांच्या विनंतीवरून १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ ही हत्तीण भेट पाठविली. तिला कन्येचेच नाव त्यांनी दिले होते. ती १९८३ पर्यंत जगली.

पूर्वेस ल कॉर्ब्यूझ्ये यांनी योजिलेले पाश्चात्त्य कला संग्रहालय (१९५९) आहे. २०१६ मध्ये त्यांच्या ज्या वास्तू एकत्रितपणे जागतिक वारसा ठरल्या, त्यांत चंडीगढच्या कॅपिटॉलबरोबर हीही आहे. मठाचे मुख्य मंदिर होते तेथे आज कारंजे आहे व मठाधिपतींच्या निवासाच्या जागी राष्ट्रीय संग्रहालय. सध्याचे कान-एजीचे मुख्य मंदिर संग्रहालयाच्या मागे, उद्यानाबाहेर आहे. ही लहान वास्तू १८७९ मध्ये कावागोए येथील एका मठातून आणून तेथे उभारण्यात आली.