विमान-एंजिनांची संख्या

विमान-एंजिनांची संख्या : मोठ्या विमानाचा अभिकल्प (आराखडा) तयार करताना त्यास एकूण किती प्रणोद (पुढे ढकलणारी प्रेरणा) लागेल हे ठरल्यावर तो किती एंजिनांत विभागावा, हा प्रश्न उपस्थित होतो. एंजिने जितकी अधिक तितकी सुरक्षितता अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मात्र उपलब्ध एंजिनांची क्षमता, एक एंजिन बंद पडल्यावर उरणारी शक्ती, पंखांची रचना, देखभालीचा खर्च आणि उड्डाणविषयक नियम या सर्वांचा विचार करून ही संख्या ठरविली जाते.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या काळात एकेका एंजिनाची शक्ती तोकडी असल्याने मोठ्या विमानास अनेक एंजिने बसविणे भाग होते. रशियात ईगॉर सिकॉर्स्की यांनी १९१३ मध्ये चार एंजिनांचे विमान उडविले, तर १९२९ मधील डोर्निअर या जर्मन कंपनीच्या ‘डो-एक्स’ जलविमानास बारा एंजिने होती. झोत एंजिनांचा प्रसार झाल्यावर १९५८ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोईंग ७०७ विमानास प्रत्येकी सु. ६० किलोन्यूटन प्रणोदाची चार एंजिने होती. १९७० मध्ये आलेल्या बोईंग ७४७ च्या चार एंजिनांचा प्रणोद प्रत्येकी सु. १९५ किलोन्यूटन म्हणजे एकूण सु. ७८० किलोन्यूटन होता. याउलट २००४ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७७७-३०० ईआर या विमानाची दोनच एंजिने प्रत्येकी सु. ५१० किलोन्यूटन, म्हणजे एकूण सु. १,०२० किलोन्यूटन प्रणोद देतात. भारतातही हा बदल दिसून येतो. एअर-इंडियाच्या ताफ्यात १९७१ मध्ये ७४७ व २००७ मध्ये ७७७ दाखल झाले. दोन एंजिनांचे मोठे ए-३०० हे विमान इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्येच घेतले होते.

संभाव्यतेचा विचार : एका उड्डाणात एखादे एंजिन बंद पडण्याची संभाव्यता दहा हजारांत एक आहे, असे उदाहरणादाखल मानू. दोन एंजिनांच्या विमानात कोणतेही एक एंजिन बंद पडण्याची संभाव्यता दहा हजारांत सु. दोन, तर चार एंजिनांच्या विमानात ती सु. चार होते. म्हणजे एंजिने वाढली की बिघाडांची संख्याही वाढते. दोन्ही एंजिने परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांनी एकाच उड्डाणात बंद पडण्याची संभाव्यता मात्र दहा कोटींत एक इतकीच राहते. एंजिने विश्वसनीय असतील, तर दोन पुरेशी का ठरतात, हे यावरून स्पष्ट होते.

उड्डाणसमयीची आवश्यकता : धावपट्टीवर ठराविक वेग गाठल्यानंतर एक एंजिन बंद पडले, तरी विमान थांबविता येत नाही, उरलेल्या एंजिनांवर ते वर चढलेच पाहिजे. चाके आत घेतल्यानंतर अशा अवस्थेत दोन एंजिनांच्या विमानाने किमान २.४%, तीन एंजिनांच्या विमानाने २.७% व चार एंजिनांच्या विमानाने ३% चढ गाठावा, असा नियम आहे. त्या वेळी हवेचा रोध विमानाच्या वजनाच्या १०% आहे असे मानल्यास दोहोंपैकी उरलेल्या एका एंजिनास वजनाच्या १२.४% प्रणोद द्यावा लागेल; म्हणजे एकूण प्रणोद २४.८% हवा. चार एंजिनांच्या विमानात उरलेली तीन एंजिने मिळून १३% प्रणोद देतात, त्यामुळे एकूण सु. १७.३% पुरतो. यामुळेच दोन एंजिनांच्या विमानास एरवी लागणाऱ्या शक्तीपेक्षा बरीच जादा शक्ती बाळगावी लागते व ते चढतेही वेगाने.

रचनेवरील परिणाम : उत्थापक प्रेरणेमुळे पंख वरच्या बाजूस वाकतात, पंखांखाली टांगलेल्या एंजिनांचे वजन या वाकण्यास विरोध करते. चार एंजिनांच्या रचनेत हा लाभ पंखाच्या टोकाकडील भागासही मिळतो. दुसरीकडे, एका बाजूचे एंजिन बंद पडले की विमानाचे नाक त्या बाजूस वळू लागते व ते सावरण्यासाठी शेपटीवरील उभे सुकाणू पुरेसे मोठे ठेवावे लागते. शेपटीतील तिसऱ्या एंजिनामुळे असे वळण निर्माण होत नाही. परंतु तेथील रचना जड होते व देखभाल अवघड जाते.

एअरबस कंपनीची ए-३३० (दोन एंजिने) व ए-३४० (चार एंजिने) ही विमाने बव्हंशी समान पंखांवर रचलेली असल्याने या प्रश्नाचे उत्तम उदाहरण ठरतात. ए-३४० चे उत्पादन सु. ३८० विमानांनंतर २०११ मध्ये थांबले. ए-३३० विमाने मात्र १,५०० हून अधिक तयार झाली. कमी एंजिने म्हणजे कमी भाग व कमी देखभाल, हे यामागील प्रमुख कारण होय.

नियम : दट्ट्याची एंजिने वारंवार बंद पडत, म्हणून अमेरिकेत १९५३ मध्ये दोन वा तीन एंजिनांच्या विमानाने विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा दूर जाऊ नये, असे बंधन घालण्यात आले. झोत एंजिनांच्या तीन-एंजिनी विमानांना १९६४ मध्ये यातून सूट मिळाली; डीसी-१० व एल-१०११ या विमानांच्या जडणघडणीस हीच परिस्थिती पोषक ठरली. दोन एंजिनांच्या विमानांसाठी ही मर्यादा १९८५ मध्ये १२० व १९८८ मध्ये १८० मिनिटे झाली. ए-३५० विमानास २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली.

समान कारणाने होणारे बिघाड : वरील गणिताचा आधार बिघाडांची परस्परस्वतंत्रता हा आहे. ती नसेल, तर संख्येचा आधार उरत नाही. जून १९८२ मध्ये जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका ७४७ ची चारही एंजिने बंद पडली. राखेतून बाहेर आल्यावर ती पुन्हा सुरू करता आल्याने विमान जाकार्ता येथे उतरू शकले. मे १९८३ मध्ये मायामीहून निघालेल्या एका एल-१०११ च्या तिन्ही एंजिनांतील तेल गळून गेले, कारण देखभालीत तिन्ही ठिकाणी लहानशी सीलबंद कडी बसवावयाची राहिली होती. एक एंजिन पुन्हा सुरू झाल्याने ते विमान वाचले. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी कोसळलेल्या दोन एंजिनांच्या बोईंग ७८७ विमानात, प्राथमिक चौकशी अहवालानुसार, दोन्ही एंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर काही क्षणांतच तुटला होता. त्या अपघातात २६० जण मृत्युमुखी पडले.

लांब पल्ल्याच्या दोन-एंजिनी विमानांची दोन्ही एंजिने एकाच देखभालीत एकाच तंत्रज्ञाने शक्यतो हाताळू नयेत, असा दंडक याच विचारातून आला आहे. ए-३८० चे उत्पादन २०२१ मध्ये थांबले व शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये कारखान्यातून सुपूर्द झाले. एंजिनांच्या संख्येपेक्षा त्यांची विश्वसनीयता व परस्परस्वतंत्रता यांवर उतारूंची सुरक्षितता अधिक अवलंबून असते, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे.