दगडांना नंबर घातलेली इमारत

हाँगकाँग हे चीनमधले समुद्रकाठचे शहर. तिथले बेट १८४२ साली इंग्रजांनी घेतले. १ जुलै १९९७ ला शहर चीनला परत मिळाले. तिथे जागा थोडी नि माणसं फार, म्हणून जुनं पाडून उंच उंच बांधतात.

मला नवल वाटते ते मरे हाऊसचे. ही इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांची दगडी इमारत. तिच्या जागी बँक बांधायची होती, म्हणून १९८२ साली ती उतरवली. पाडली नाही हं! तीन हजारांवर दगड, एकेकावर नंबर घातला आणि ठेवून दिले. बऱ्याच वर्षांनी बेटाच्या दक्षिणेला, स्टॅनले इथे, नंबर बघून बघून पुन्हा रचले. नंबर पुसले असते तर? जुन्या जागी आता बँक ऑफ चायनाचा मनोरा आहे, वरच्या काठ्या धरून ३६७ मीटर!

समोरच्या किनाऱ्यावर कौलूनला रेल्वे स्टेशन होते. त्याचा घड्याळाचा मनोरा ४४ मीटर उंच. पुढे स्टेशन दुसरीकडे नेले आणि जुने १९७८ साली पाडले. लोकांनी अर्ज केले, पण मनोराच तेवढा वाचला. आजी म्हणाली, घर गेलं नि तुळशीवृंदावन राहिलं.

मला मनोराच जास्त आवडतो. मरे हाऊसचे दगड तेच आहेत, पण पुढचा रस्ता तो नाही. मनोरा आपल्या जागेवर आहे. फक्त गाडी येत नाही.

– इयत्ता ४ थी