जुन्या कॉर्व्हेटचा सेल्फ: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

किल्ली फिरवली आणि इंजिन फिरलं नाही की निदान ठरलेलं असतं: सेल्फ गेला. मग नवा सेल्फ येतो, तो बसवला जातो आणि पुष्कळदा गाडी तशीच गप्प राहते. शेव्हरलेच्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९६८ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटच्या बाबतीत हे फार घडतं, कारण या गाडीची विजेची मांडणी इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने हौसेने अशी गाडी घेतली, तर तिचा सेल्फ घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलणं त्याला नक्की जमेल. पण त्याआधी काही समजुती दूर व्हायला हव्यात. त्यांतल्या काही फक्त पैसे वाया घालवतात, तर काही जिवावर बेतू शकतात.

«इंजिन फिरत नाही, म्हणजे सेल्फ गेला»

आधी ही गाडी समजून घेऊ. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची आहे आणि फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. साध्या पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडीच अर्थिंगचं काम करते, इथे ती सोय नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल खालच्या पोलादी चासीला जोडलेली असते. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असल्यामुळे त्याच्यापासून चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची पट्टी लागते. त्यातच बॅटरी बोनेटखाली नसून ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात आहे. सेल्फ मात्र इंजिनच्या उजव्या बाजूला, तळाशी, फ्लायव्हीलजवळ. म्हणजे जाड केबल बरीच लांब आणि दोन्ही टोकांचे सांधे पन्नास वर्षांचे.

व्ही-एट इंजिन फिरवताना हा सेल्फ दीडशे ते दोनशे अँपिअर करंट ओढतो. एवढ्या करंटपुढे गंजलेला एक सांधाही महाग पडतो. दोनशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा फक्त दोनशेवा भाग इतका विरोध आला, तरी पूर्ण एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. साध्या मल्टिमीटरने केबलचा विरोध मोजायला गेलात, तर आकडा शून्यच दिसेल. म्हणून विरोध मोजू नका, इंजिन फिरत असताना किती व्होल्ट गळतात ते मोजा.

ही तपासणी सोपी आहे. गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशनची वायर काढलेली. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर लावा. क्लॅम्पवर नको, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर हवं. दुसरं टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर चिमट्याने अडकवा, गाडीखालून बाहेर या आणि मगच कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालतो. मग तेच बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून सेल्फच्या अंगापर्यंत मोजा, तिथे पाव व्होल्टच्या आसपास थांबायला हवं. आकडा जास्त आला, तर दोष केबलचा, क्लॅम्पचा किंवा त्या अर्थिंगच्या पट्टीचा. पट्टी तुटली असेल तर करंट मिळेल त्या वाटेने परत जातो आणि थ्रॉटलसारख्या धातूच्या कंट्रोल केबल तापू लागतात. अशी तापलेली केबल सापडली, तर सेल्फला हात लावू नका.

अर्थात, सगळ्यात आधी बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन फिरवताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. चाचणीचा हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

«टक् असा आवाज येतो, म्हणजे सेल्फच खराब»

आवाज एकच येतो की सलग टकटक होते, यात मोठा फरक आहे. सेल्फच्या पाठीवरच्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जोरकस, ती प्लंजर आत खेचते आणि तिचा परतीचा मार्ग खुद्द मोटरमधून जातो. दुसरी हलकी, ती प्लंजर धरून ठेवते. प्लंजर आत गेला की पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरमध्ये शिरते आणि तांब्याचे मोठे संपर्क जुळतात. त्या क्षणी पहिल्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर सारखंच व्होल्टेज येतं आणि ती आपोआप गप्प होते. पुढचं सगळं त्या हलक्या गुंडाळीवर.

बॅटरी अशक्त असेल किंवा सांधा सैल असेल, तर मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं. धरून ठेवणारी गुंडाळी सोडून देते, भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, प्लंजर पुन्हा आत ओढला जातो. तीच ती सलग टकटक. ती ऐकू आली तर आधी बॅटरी आणि केबल पाहा. जोरदार एकच टक् होऊन शांतता पसरली, तर मात्र संशय सेल्फवर घेता येतो: जळलेले संपर्क, झिजलेले कार्बन किंवा अडकलेलं आर्मेचर. आणि काहीच आवाज नसेल, तर सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाही. किल्लीच्या स्विचपासून न्यूट्रल किंवा क्लचच्या सेफ्टी स्विचमार्गे सोलेनॉइडच्या ‘एस’ टर्मिनलला येणारी जांभळी वायर तपासायची.

«गार असताना चालतो, गरम झाल्यावर चालत नाही, म्हणजे सेल्फ म्हातारा झाला»

लांब फेरी मारून पेट्रोल पंपावर थांबलात आणि पाच मिनिटांनी गाडी सुरू होईना, ही जुन्या कॉर्व्हेटवाल्यांची नेहमीची तक्रार. सेल्फ एक्झॉस्टच्या पाइपाला जवळजवळ खेटून आहे. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि ती उष्णता सेल्फमध्ये मुरते. तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. सोलेनॉइड शंभर अंशांनी तापला, तर गुंडाळीचा विरोध जवळपास चाळीस टक्के वाढतो, करंट त्या प्रमाणात घटतो आणि प्लंजर ओढण्याचा जोर त्याहूनही जास्त घटतो. जांभळ्या वायरीच्या वाटेवरच्या जुन्या स्विचांनी आधीच एक-दोन व्होल्ट खाल्ले असतील, तर गार असताना जेमतेम भागतं, गरम झाल्यावर भागत नाही.

इथे नवा सेल्फ बसवला तर काही महिने बरे जातात आणि दुखणं परत येतं. कारण मूळ कारण वायरीत आणि उष्णतेत आहे. गरम अवस्थेतच ‘एस’ टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा. कमी असतील तर स्विचांचे संपर्क आणि सांधे दुरुस्त करा, किंवा सेल्फजवळ एक रिले बसवून सोलेनॉइडला जाड वायरीतून थेट पुरवठा द्या. मूळ उष्णतारोधक पत्रा आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी फेकून दिलेला असतो. तो पुन्हा बसवायलाच हवा.

«हातोडीने ठोकलं की चालू होतो»

कधी कधी होतो, कारण झिजलेले कार्बन धक्क्याने जागेवर येतात. पण आधीच्या मालकाने नव्या पद्धतीचा लहान, गिअर रिडक्शन सेल्फ बसवला असेल, तर त्यातल्या अनेकांत गुंडाळ्यांऐवजी कायमचुंबक असतात. हे चुंबक ठिसूळ असतात. एका टोल्यात तडकतात आणि त्यांचे तुकडे आर्मेचरमध्ये अडकतात.

«स्पोर्ट्स कार आहे, घरी जमणारच नाही»

गाडीच्या रूपावरून ही भीती येते. प्रत्यक्षात या इंजिनचा सेल्फ दोन उभ्या बोल्टांवर आणि पुढच्या एका आधारपट्टीवर टांगलेला असतो, वायरी दोन किंवा तीन. खरोखर अवघड उदाहरण हवं असेल, तर १९९० ते १९९५ या वर्षांतली कॉर्व्हेट झेडआर-वन पाहा. तिच्या एलटी-फाइव्ह इंजिनमध्ये सेल्फ व्हीच्या दरीत, इनटेकच्या खाली दडलेला आहे. तिसऱ्या पिढीत अडचण आहे ती जागेची आणि वजनाची. मूळ सेल्फ आठ-नऊ किलोंचा आहे आणि तो तुमच्या चेहऱ्याच्या वर असतो.

धोका मात्र खरा आहे आणि तो दोन ठिकाणी आहे. पहिला धोका गाडी उचलण्याचा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. सिमेंटची सपाट जमीन, मागच्या चाकांना अडसर आणि पोलादी चासीखाली जॅक स्टँड, एवढं झाल्यावर गाडी हाताने हलवून बघायची आणि मगच आत शिरायचं. जॅक फायबरग्लासला टेकता कामा नये. दुसरा धोका विजेचा. ‘किल्ली बंद आहे, म्हणजे करंट नाही’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बॅटरीची जाड केबल सेल्फच्या बोल्टवर थेट येते. मध्ये ना स्विच, ना फ्यूज. तिथे लावलेला पाना चासीला टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लालभडक होतो. म्हणून सीटमागचा कप्पा उघडून निगेटिव्ह केबल काढणं हे पहिलं काम. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

तसंच, गाडीखाली पडून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडची टर्मिनल जोडून इंजिन फिरवण्याची युक्ती कायमची विसरावी. त्यात न्यूट्रलचा सेफ्टी स्विच वगळला जातो. गाडी गिअरमध्ये असली तर ती तुमच्या अंगावरून जाईल.

पुढचं काम शांतपणे करायचं. आधी आधारपट्टी सोडवा, सेल्फखाली लाकडी ठोकळा किंवा दुसरा जॅक द्या, मग दोन लांब बोल्ट. सेल्फ थोडा खाली आला की वायरी सोडवणं सोपं जातं, पण त्यांच्यावर तो लोंबकळू देऊ नका. सोडवण्याआधी वायरींचा फोटो काढून ठेवा.

«बोल्ट काय, कोणतेही चालतात»

चालत नाहीत, आणि इथेच घरच्या दुरुस्त्या सर्वांत जास्त फसतात. सेल्फच्या बोल्टांच्या दांड्यावर ठराविक भागात खरखरीत रेषा असतात. तो भाग भोकात घट्ट बसतो आणि सेल्फची जागा पक्की करतो. दुकानातला साधा त्याच मापाचा बोल्ट घातला तर सेल्फ बारीकसा हलत राहतो, दात चुकीच्या कोनात भिडतात आणि एक दिवस सेल्फचं नाक (पिनियनकडचा पुढचा भाग) तुटतं. पुढची आधारपट्टी ‘जास्तीची’ म्हणून न बसवल्यानेही तेच होतं. बोल्ट सुमारे ४५ न्यूटन-मीटरने आवळावेत.

शिमबद्दल, म्हणजे सेल्फ आणि इंजिन यांच्यामध्ये घालायच्या पातळ पट्ट्यांबद्दल, दोन टोकाच्या समजुती आहेत: नेहमी घालावेत आणि कधीच घालू नयेत. खरं म्हणजे मोजून ठरवायचं असतं. फ्लायव्हीलचं खालचं झाकण काढून पिनियन हाताने पुढे सरकवा. एकाच्या दाताचं टोक आणि दुसऱ्याच्या दातांमधली खाच यांत साधारण अर्धा मिलिमीटर जागा हवी. शिम घातला की सेल्फ खाली सरकतो आणि अंतर वाढतं. मोजमाप चुकलं तर कान सांगतात. इंजिन फिरत असताना, सुरू होण्यापूर्वी, उंच किणकिण ऐकू आली तर अंतर जास्त आहे. इंजिन पेटल्यावर किल्ली सोडताना ती ऐकू आली तर अंतर कमी आहे, शिम हवा. या आवाजाची सवय होऊ देऊ नका. रिंग गिअर खराब झाला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

«स्मॉल ब्लॉकचा सेल्फ सगळ्या स्मॉल ब्लॉकला बसतो»

शेव्हरलेच्या या स्मॉल ब्लॉक व्ही-एट इंजिनांना १५३ किंवा १६८ दातांचा रिंग गिअर असतो. लहान गिअरच्या सेल्फचे दोन बोल्ट सरळ रेषेत, मोठ्याच्या सेल्फचे तिरके. पन्नास वर्षांत इंजिन, फ्लायव्हील, गिअरबॉक्स यांपैकी काय काय बदललं गेलं असेल सांगता येत नाही, म्हणून मॉडेलच्या वर्षावर विसंबू नका. जुना सेल्फ समोर ठेवा आणि दात मोजा.

लहान, गिअर रिडक्शन सेल्फ जोरकस म्हणून जास्त करंट खात असेल, असंही म्हटलं जातं. उलट तो सहसा कमी करंट घेतो, कारण आतली छोटी मोटर वेगाने फिरते आणि गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. तो साडेचार-पाच किलोंचा असतो आणि एक्झॉस्टपासून दूर वळवता येतो. एक काळजी घ्यायची: १९७४ पर्यंतच्या गाड्यांत जुन्या सोलेनॉइडच्या ‘आर’ टर्मिनलवरून एक पिवळी वायर सुरू होतानाच्या क्षणी इग्निशन कॉइलला पूर्ण व्होल्टेज देते. नव्या सेल्फवर ते टर्मिनल पुष्कळदा नसतं. मग इंजिन जोरात फिरतं, पण स्पार्क अशक्त पडतो आणि दोष पुन्हा नव्या सेल्फवर जातो. १९७५ पासून कॉर्व्हेटला एचईआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, तिथे हा प्रश्न नाही.

नवा असो वा जुना, सेल्फ क्षणभराच्या कामासाठीच बनवलेला असतो. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅकसाठी तो यशस्वी केला, त्यामागची खुबीच ही होती की छोटी मोटर थोडा वेळ प्रचंड भार सोसू शकते. म्हणून सलग तीस सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि मध्ये दोन मिनिटं थांबावं.

आता काढलेल्या सेल्फबद्दल. अमेरिकेत दुकानदार नव्या भागावर अनामत घेतो आणि जुना परत दिला की ती सोडतो. बहुतेक जण डोळे झाकून जुना देऊन टाकतात. आधी त्याच्या अंगावर ठोकलेला भाग क्रमांक आणि तारखेचा संकेत वाचा. तो गाडीच्या जन्मकाळाशी जुळत असेल, तर अनामत सोडून द्या आणि सेल्फ ठेवा. पुण्यातला एखादा ऑटो इलेक्ट्रिशियन जे करतो, तेच त्याच्याही बाबतीत करता येतं: कार्बन, नाकातलं बुश आणि सोलेनॉइडचे संपर्क बदलले की या मजबूत जुन्या मोटरी पुन्हा वर्षानुवर्षं चालतात.